अंदाज त्यांचा, भुर्दंड आपला

धान्याच्या व्यापाऱ्याने भाव चढतील म्हणून गोदाम भरून ठेवले आणि भाव पडले, तर तोटा त्याचा. सुताच्या दलालाने जास्त गाठी उचलल्या आणि बाजार बसला, तर खोट त्याच्या खात्यावर पडते. व्यापाराचा हा साधा नियम आहे. अंदाज ज्याचा, जोखीम त्याची. विजेच्या धंद्यात मात्र हा नियम उलटा चालतो. दहा वर्षांनी किती वीज लागेल याचा अंदाज सरकार, त्याच्या कंपन्या आणि त्यांचे अधिकारी बांधतात. तो चुकला की त्याची किंमत ग्राहकाच्या बिलात येते. अंदाज कमी पडला तर भारनियमन होते, जास्त झाला तर दरवाढ होते. दोन्ही बाजूंनी भरणारा एकच.

भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी, सोलापूर येथील यंत्रमागधारकांना हे वेगळे सांगायला नको. देशातील यंत्रमागांपैकी जवळपास निम्मे महाराष्ट्रात आहेत आणि त्यातील बहुसंख्य लहान मालकांचे आहेत. पुष्कळजण दुसऱ्याचे सूत घेऊन मीटरमागे मजुरीवर कापड विणून देतात. सुताचा भाव त्यांच्या हातात नाही, कापडाचा भावही नाही. हाती राहते ती मजुरी, आणि तिच्यातून कामगाराचा पगार व विजेचे बिल वजा करून जे उरेल ते.

एक सोपा हिशेब करून पाहू. एका खात्यात २४ साधे माग आहेत आणि प्रत्येकाला एक अश्वशक्तीची मोटर आहे. सगळे मिळून जोडभार सुमारे १८ किलोवॅट होतो. माग दिवसाला २० तास, महिन्याला २६ दिवस पूर्ण भाराने चालले असे धरले, तर सुमारे ९,३०० युनिट वीज लागते. म्हणजे युनिटमागे नुसते ५० पैसे वाढले तरी महिन्याला साडेचार हजारांवर रुपये जातात. मजुरीचा दर मीटरमागे पैशांत ठरणाऱ्या धंद्यात हे साडेचार हजार कोठून काढायचे, हा प्रश्न मालकाच्या घरखर्चापर्यंत येऊन पोहोचतो. म्हणूनच हे ५० पैसे का वाढतात, हे समजून घेणे गरजेचे आहे.

वीज न घेताही पैसे

वीज कंपनी एखाद्या वीजनिर्मिती केंद्राशी करार करते तेव्हा त्या विजेच्या किमतीचे दोन भाग असतात. एक स्थिर खर्च. त्यात कर्जाचे हप्ते, व्याज, घसारा, देखभाल आणि मालकाचा नफा येतो. दुसरा चल खर्च, म्हणजे कोळसा, गॅस किंवा तेलाचा खर्च. वीज घेतली तरच चल खर्च द्यावा लागतो. स्थिर खर्च मात्र केंद्र चालण्यास तयार असले की वीज घेतली नाही तरी द्यावाच लागतो. दुकान बंद ठेवले तरी गाळ्याचे भाडे चुकत नाही, तसाच हा प्रकार.

समजण्यासाठी गोल आकडे घेऊ. १,००० मेगावॅटच्या एका केंद्राचा स्थिर खर्च महिन्याला ९० कोटी रुपये आहे. त्याच्याकडून महिन्याला ६० कोटी युनिट घेतली, तर स्थिर खर्च युनिटमागे दीड रुपया पडतो. मागणीचा अंदाज चुकला आणि २० कोटी युनिटच घेता आली, तर तोच खर्च युनिटमागे साडेचार रुपये होतो. यात कोळसा महाग झालेला नाही आणि कोणी चोरीही केलेली नाही. फक्त गरजेपेक्षा मोठा करार झाला. त्यामुळे वीज नियोजनातील सर्वांत महाग गोष्ट कोळसा नसून चुकीचा अंदाज असते. महाराष्ट्राने हा धडा फार मोठी फी भरून घेतला आहे.

दाभोळचे प्रकरण

१९९१ मध्ये केंद्र सरकारने वीजनिर्मितीचे दार खासगी कंपन्यांना उघडले. जून १९९२ मध्ये एन्रॉन या अमेरिकन कंपनीचे लोक महाराष्ट्रात आले आणि अवघ्या काही दिवसांत, २० जूनला, राज्य वीज मंडळाशी प्राथमिक करारावर सह्या झाल्या. निविदा नव्हत्या, दुसऱ्या कोणाचा भाव मागवलेला नव्हता. नाव दाभोळचे, पण जागा वाशिष्ठीच्या खाडीपलीकडे गुहागर तालुक्यातील अंजनवेल-वेलदूर परिसरातील.

हा प्रकल्प आर्थिकदृष्ट्या परवडणारा नाही, एवढी महाग वीज सतत घ्यायची तर स्वस्त कोळशाची केंद्रे बंद ठेवावी लागतील, असे जागतिक बँकेने १९९३ मध्येच कळवले आणि कर्ज नाकारले. तरीही डिसेंबर १९९३ मध्ये वीजखरेदीचा करार झाला. करार २० वर्षांचा होता आणि देणे डॉलरशी बांधलेले होते. राज्याने हमी दिली आणि त्या हमीवर केंद्राने प्रतिहमी दिली. केंद्र, राज्य आणि मंडळ या प्रत्येक पायरीवर कागद पुढे सरकला. तो थांबवून ‘ही वीज घेणार कोण आणि तिचे पैसे देणार कोण’ एवढे विचारण्याची कायदेशीर जबाबदारी ज्याच्यावर आहे, असा स्वतंत्र अधिकारी त्या वेळी अस्तित्वातच नव्हता.

१९९५ मध्ये राज्यात सत्ता बदलली. ऑगस्टमध्ये नव्या सरकारने करार रद्द केला आणि १९९६ च्या सुरुवातीला फेरवाटाघाटी करून पुन्हा मान्य केला. प्रकल्प आधीपेक्षाही मोठा, २,१८४ मेगावॅटचा झाला. पुण्याच्या ‘प्रयास’ संस्थेतील गिरीश संत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कराराचा हिशेब मांडून हा बोजा मंडळाला झेपणार नाही, हे त्या काळातच दाखवून दिले होते. तो कोणी ऐकला नाही.

पहिल्या टप्प्यातील ७४० मेगावॅट वीज मे १९९९ पासून मिळू लागली. गॅसची सोय होईपर्यंत केंद्र नाफ्थ्यावर चालत होते. नाफ्था महागला. करार झाला तेव्हा ३१ रुपयांच्या आसपास असलेला डॉलर २००१ पर्यंत ४६ रुपयांच्या पुढे गेला. त्यातच केंद्र पूर्ण क्षमतेने चालत नव्हते, त्यामुळे स्थिर खर्च थोड्या युनिटांवर पडला. २००० मध्ये काही महिन्यांत ही वीज युनिटमागे सात रुपयांहूनही महाग पडली. मंडळाला देणी भागवता येईनात. कंपनीने हमी पुढे केली. मे २००१ मध्ये केंद्र बंद पडले आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अमेरिकेत एन्रॉन स्वतःच दिवाळखोरीत गेली. माजी केंद्रीय गृहसचिव माधव गोडबोले यांच्या समितीने एप्रिल २००१ च्या अहवालात हे शासनव्यवस्थेच्या सर्व पातळ्यांवरील अपयश असल्याचा निष्कर्ष काढला. पुढे २००५ मध्ये सरकारी कंपन्यांना पुढे करून रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही नवी कंपनी उभारावी लागली आणि २००६ मध्ये केंद्र पुन्हा सुरू झाले. मधली पाच वर्षे अब्जावधी रुपयांची यंत्रे समुद्राच्या खाऱ्या हवेत उभी होती.

प्रश्न विचारताच बाहेर आलेली गळती

दाभोळची वीज सुरू झाली त्याच वर्षी, ऑगस्ट १९९९ मध्ये, महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग स्थापन झाला. १९९८ च्या केंद्रीय कायद्याने अशा आयोगांना वाट करून दिली होती. तोपर्यंत मंडळाचे दर मंत्रालयाच्या संमतीने ठरत. आता मंडळाला आपला हिशेब आयोगापुढे, म्हणजे लोकांपुढे, मांडणे भाग पडले.

पहिल्याच दरसुनावणीत, २००० मध्ये, एक मोठी गोष्ट उघडी पडली. वहन आणि वितरणातील गळती १५ ते १८ टक्के आहे, असे मंडळ वर्षानुवर्षे सांगत आले होते. बाकीची वीज कोठे गेली? तर शेतीपंपांना. पंपांना मीटर नव्हते, आकारणी अश्वशक्तीवर होती. त्यामुळे शेतीच्या नावावर हवी तेवढी युनिटे लिहिता येत. ग्राहक संघटनांनी आणि अभ्यासकांनी आकडे जुळवून पाहिले, आयोगाने जाब विचारला, तेव्हा गळतीचा आकडा सुमारे दुप्पट होऊन ३० टक्क्यांच्या वर गेला. म्हणजे चोरी, नादुरुस्त मीटर आणि जुन्या तारा यांचे पाप शेतकऱ्याच्या माथी मारले जात होते, आणि त्याचा भार नियमित बिल भरणाऱ्या उद्योगावर पडत होता.

इचलकरंजीच्या यंत्रमागधारकांच्या वस्तीतून उभे राहिलेले प्रताप होगाडे आणि त्यांची महाराष्ट्र वीज ग्राहक संघटना यांनी शेतीच्या फुगवलेल्या वीजवापराचा हा मुद्दा पुढेही वर्षानुवर्षे लावून धरला. आयोगाकडे अधिकार असतात हे खरे, पण ते वापरले जावेत म्हणून कोणी तरी प्रश्न घेऊन समोर उभे राहावे लागते.

आधी टंचाई, मग अतिरिक्त वीज

दुधाने तोंड पोळले की माणूस ताकही फुंकून पितो. दाभोळनंतर महाराष्ट्राचे तसेच झाले. नव्या केंद्रांकडे दुर्लक्ष झाले, मागणी मात्र वाढत राहिली. २००५ नंतरच्या काही वर्षांत राज्याने भीषण भारनियमन सोसले. रोज कित्येक तास माग थांबत. डिझेलवर चालवावे तर कापड परवडत नाही, बंद ठेवावे तर कामगार गावी निघून जातो, अशी कोंडी झाली.

मग घाई झाली. २००७ ते २०१० च्या दरम्यान मोठमोठे दीर्घ मुदतीचे करार झाले. तिरोडा, अमरावती येथे खासगी केंद्रे उभी राहिली. तेवढ्यात मागणीचे गणित पुन्हा चुकले, आणि ते एकट्या महाराष्ट्राचे नव्हे. देशाच्या वीजमागणीचा अधिकृत अंदाज केंद्रीय विद्युत प्राधिकरण करते. डिसेंबर २०११ च्या त्याच्या १८ व्या सर्वेक्षणात २०१६-१७ साठी देशाची कमाल मागणी सुमारे २ लाख मेगावॅट धरली होती. प्रत्यक्षात ती १ लाख ६० हजारांच्या आत राहिली. त्याच सर्वेक्षणाने २०२१-२२ साठी २ लाख ८३ हजार मेगावॅट सांगितले होते. २०१७ च्या १९ व्या सर्वेक्षणाने तो आकडा २ लाख २६ हजारांवर आणला. खरी मागणी दोन लाखांच्या थोडी वर गेली.

सर्वेक्षणाचा आकडा फुगला की त्याच्या भरवशावर केंद्रे उभी राहतात, बँका कर्जे देतात आणि वीज कंपन्या करार करतात. नंतर वीज पडून राहते आणि तिचा स्थिर खर्च बिलात येतो. याचा अर्थ क्षमता वाढवूच नये असा नाही. मे २०२४ मध्ये देशाची कमाल मागणी अडीच लाख मेगावॅटपर्यंत पोहोचली. मागणी वाढतेच, प्रश्न एवढाच की केव्हा आणि किती. यासाठी जून २०२३ मध्ये केंद्राने मार्गदर्शक तत्त्वे काढून प्रत्येक वितरण कंपनीवर पुढील दहा वर्षांची गरज आणि तिची तरतूद यांचा आराखडा करून तो दरवर्षी सुधारण्याची जबाबदारी टाकली. हे आराखडे आयोगापुढे येतात. दरवाढीची सुनावणी लोकांना माहीत असते, आराखड्याकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही. वास्तविक पाहता पाच वर्षांनंतरची दरवाढ त्यातच दडलेली असते.

भिवंडी आणि मालेगाव

वीज कायदा २००३ लागू झाल्यानंतर जून २००५ मध्ये जुन्या मंडळाचे निर्मिती, पारेषण आणि वितरण अशा कंपन्यांत विभाजन झाले. पुढचा प्रयोग यंत्रमागांच्या शहरात झाला. जानेवारी २००७ पासून भिवंडीतील वितरण टोरेंट पॉवरकडे फ्रँचायझी म्हणून गेले. मालेगावात मार्च २०२० पासून कोलकात्याच्या सीईएससीच्या उपकंपनीने काम हाती घेतले. भिवंडीत हस्तांतराच्या वेळी गळती आणि थकबाकी मिळून निम्म्याहून अधिक विजेचे पैसे येत नव्हते. ही तूट पुढे बरीच घटली आणि रोहित्रे जळण्याचे प्रमाणही कमी झाले. त्याच वेळी वाढीव बिले, मीटर आणि छापे यांच्याबद्दल तक्रारी झाल्या, मोर्चे निघाले.

येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. फ्रँचायझी म्हणजे परवानाधारक नव्हे. परवाना महावितरणचाच आहे. दर आयोगच ठरवतो आणि आयोगाचे सेवेचे नियम फ्रँचायझीच्या ग्राहकालाही लागू आहेत. ‘आता खासगी कंपनी आली, दाद मागायची सोय उरली नाही’ ही समजूत चुकीची आहे.

सवलतीचेही तसेच. यंत्रमागांना मिळणारी वीज सवलत सरकार देते, कंपनी नव्हे. कायद्याच्या ६५ व्या कलमाप्रमाणे सरकारला एखाद्या वर्गाला स्वस्त वीज द्यायची असेल, तर फरकाची रक्कम आगाऊ भरली पाहिजे. ती न आल्यास आयोगाने ठरवलेला पूर्ण दर लागू होतो. म्हणून सवलतीची घोषणा झाली की टाळ्या वाजवून थांबू नये. तिची तरतूद अर्थसंकल्पात झाली का आणि पुढच्या बिलात ती दिसते का, हे पाहावे. २७ अश्वशक्तीपर्यंतचा आणि त्यावरील जोडभार यांच्या सवलतीत फरक असतो. वर घेतलेला २४ मागांचा जोडभार पहिल्या गटात बसतो. चार माग वाढवण्यापूर्वी हा हिशेबही करून घ्यावा.

बिल वाचावे, पावती सांभाळावी

बहुतेक मालक बिलावरील शेवटचा आकडा आणि शेवटची तारीख एवढेच पाहतात. निदान पाच ओळी पाहिल्या पाहिजेत. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि वीज शुल्क. पहिले तीन आयोगाच्या दरआदेशातून येतात. वीज शुल्क हा राज्य सरकारचा कर आहे. इंधन समायोजन आकार मात्र वर्षाच्या मध्येच चढू शकतो, कारण इंधनाच्या खर्चातील फरक दरसुनावणीची वाट न पाहता वसूल करण्याची मुभा कायद्याने दिलेली आहे. ‘दर वाढला नाही तरी बिल का वाढले’ याचे उत्तर पुष्कळदा या ओळीत असते.

सौर वीज वाढल्यामुळे दिवसाची वीज स्वस्त आणि संध्याकाळची महाग होत चालली आहे. २०२३ मध्ये दुरुस्त झालेल्या केंद्रीय नियमांनी १० किलोवॅटवरील औद्योगिक व व्यापारी ग्राहकांना वेळेनुसार दर लावण्याची दिशा ठरवून दिली. रात्रपाळी चालवणाऱ्या मागवाल्याने आपल्या गटाला या वेळा आणि दर कसे लागू झाले आहेत, ते दरआदेशातून तपासावे.

बिलाबद्दल वाद असल्यास प्रथम कंपनीकडे लेखी तक्रार द्यावी आणि पोच घ्यावी. तेथे निकाल लागला नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच आहे. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तेथे जावे लागते. मंचाचा निकाल मान्य नसेल तर ६० दिवसांत विद्युत लोकपालांकडे जाता येते. यासाठी वकील लागतोच असे नाही. मात्र चोरीची आणि अनधिकृत वापराची प्रकरणे मंचाकडे जात नाहीत. अनधिकृत वापराबद्दल कंपनीने निर्धारणाचा अंतिम आदेश दिला असेल, तर ३० दिवसांत निम्मी रक्कम भरून अपील करावे लागते. तपासणीच्या वेळी घाबरून कोऱ्या कागदावर सही करणारे आणि नंतर मुदत घालवणारे पुष्कळ आढळतात. पंचनाम्याची प्रत मागून घेणे हा ग्राहकाचा पहिला बचाव आहे.

सुनावणीची रिकामी खुर्ची

आयोगाची व्यवस्था निर्दोष आहे असे नाही. अध्यक्ष आणि सदस्य यांची नेमणूक निवड समितीच्या शिफारशीवरून राज्य सरकारच करते, आणि ज्यांचे दर तपासायचे त्या मोठ्या कंपन्याही त्याच सरकारच्या आहेत. आयोग असतानाही मागणीचे अंदाज फुगले, हेही वर आलेच आहे. तरीही १९९२ आणि आज यांत एक फरक नक्कीच आहे. तेव्हा करार बंद दाराआड झाला आणि वाचायला मिळण्यासाठी झगडावे लागले. आज दराचा प्रस्ताव प्रसिद्ध करावा लागतो, वर्तमानपत्रांत जाहिरात द्यावी लागते, हरकती घ्याव्या लागतात आणि कारणांसह आदेश काढावा लागतो.

नवी मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर, अमरावती, छत्रपती संभाजीनगर येथे अशा सुनावण्या झाल्या आहेत. तेथे मोठ्या कारखानदारांच्या संघटना वकील आणि तज्ज्ञ घेऊन येतात आणि आपले म्हणणे नोंदवतात. इचलकरंजीहून लोक येतात. मालेगावहून नाशिक आणि भिवंडीहून नवी मुंबई काही दूर नाही. यंत्रमागधारकांच्या संघटनांनी दरवर्षी एखादा जाणता हिशेबनीस आणि एखादा निवृत्त अभियंता हाताशी धरून आपल्या शहराचा हिशेब तयार केला पाहिजे. किती माग चालू, किती बंद, किती युनिट, किती तास वीज गेली, किती रोहित्रे जळाली. असा एक कागद दहा मोर्चांचे काम करतो, कारण त्याला उत्तर द्यावेच लागते आणि ते उत्तर आदेशात छापले जाते.

पुढच्या दहा वर्षांत किती वीज घ्यायची हे आता कागदावर ठरते आहे. त्या कागदावर यंत्रमागाचा वापर कोणी तरी लिहिणारच. तो आपण मोजून दिलेला असावा, की दुसऱ्याने अंदाजाने भरलेला असावा, एवढाच प्रश्न आहे.